विषण्णता, चिंता आणि समलिंगी तरुण : पांढुर्णा–सौंसरच्या निमित्ताने

मराठी माणूस आपल्याला विषण्णता आली आहे असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, करमत नाही. पांढुर्णा–सौंसरकडचा असला तर 'मन नाई लागत', 'जीव घाबरा होते', 'डोक्सं भणभण करते' असे सांगतो. डॉक्टरकडे गेलाच तर छातीत धडधडते, भूक मेली आहे, रात्री तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, अशी शरीराचीच तक्रार पुढे करतो. मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत बोलते, ही गोष्ट मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवली जाते. परंतु समोर प्रत्यक्ष माणूस उभा राहिला म्हणजे तिचे विस्मरण होते.

शास्त्रीय परिभाषेत, किमान दोन आठवडे सतत खिन्न वाटणे, नेहमीच्या आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रतेचा अभाव, आपण कुचकामी आहोत ही भावना आणि मरणाचे विचार, यांतील बरीच लक्षणे एकत्र दिसली तर तिला विषण्णता म्हणतात. चिंताविकृतीत मन सतत सावध असते. पुढे काहीतरी वाईट घडणार ही धास्ती सुटत नाही, हातापायांना घाम फुटतो, श्वास अपुरा वाटतो. ढोबळ मानाने, विषण्ण मनाची नजर मागे, गमावलेल्याकडे असते आणि चिंतित मनाची पुढे, येऊ घातलेल्या संकटाकडे. समलिंगी तरुणाच्या ठिकाणी ही दोन्ही एकाच वेळी का उद्भवतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र या दोन मराठीभाषक तहसिलींसह मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. संत्र्याच्या आणि कपाशीच्या या मुलखात घरात मराठी किंवा पवारी बोली, शाळेत आणि कचेरीत हिंदी, आणि बाजार, दवाखाना व सोयरीक यांसाठी तोंड नागपूरकडे, अशी रीत आहे. आपल्या मासिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असल्यामुळे घराची भाषा एक आणि सरकारची दुसरी ही अवस्था आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या विषयाशी तिचा संबंध असा की, ज्याला स्वतःबद्दल काही सांगायचे आहे त्याला आधी शब्द लागतो. अशा घरच्या बोलीत पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषासाठी जे शब्द आहेत ते शिवीचे किंवा टिंगलीचे. 'समलिंगी' हा शब्द पुस्तकी आहे. तो आईजवळ उच्चारता येत नाही. 'गे' हा हल्ली मोबाईलमधून आलेला. स्वतःचे नावच परक्या भाषेतून उसने आणावे लागते, तेथे दुःख सांगणे दूरच राहिले.

समलैंगिकता हा आजार आहे काय, या प्रश्नाचा निकाल शास्त्राने कधीच लावला आहे, म्हणून तेथे फार थांबण्याचे प्रयोजन नाही. १९५७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी समलिंगी आणि इतर पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निष्कर्ष, कोणाचा कोणता हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञांना त्यांत फरक करता आला नाही. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आपल्या विकारांच्या यादीतून वगळले, १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने तेच केले, आणि २०१८ साली भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हा आजार नाही असे जाहीर केले.

मग या लोकांत विषण्णता आणि चिंता जास्त का आढळते? आढळते हे खरे आहे. मुंबईत हमसफर ट्रस्टच्या सहकार्याने पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या १५० पुरुषांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४५ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते, २९ टक्क्यांत तीव्र विषण्णतेची आणि २४ टक्क्यांत चिंताविकृतीची लक्षणे होती. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण प्रौढांमध्ये चालू विषण्णतेचे प्रमाण २.७ टक्के आले होते. दोन पाहण्यांची पद्धत वेगळी, माणसे निवडण्याची रीत वेगळी, त्यामुळे हे आकडे शेजारी मांडून गुणाकार–भागाकार करणे चूक ठरेल. तरीही एवढी मोठी तफावत नुसत्या पद्धतीच्या फरकाने पुसली जात नाही. आणि ही पाहणी मुंबईची आहे, जेथे १९९० पासून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघत होते, १९९४ पासून हमसफरसारखी संस्था होती आणि गर्दीत हरवून जाण्याची सोय होती.

याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण अमेरिकन संशोधक इलान मेयर यांनी १९९५ मध्ये आणि पुढे २००३ मध्ये अधिक विस्ताराने मांडले. मराठीत त्याला आपण 'अल्पसंख्याचा ताण' म्हणू. मेयर म्हणतात की, सर्वांच्या वाट्याला येणारे ताण, म्हणजे परीक्षा, नोकरी, आजारपण, या लोकांनाही असतातच. त्यांवर एक जादा थर चढतो. या थराचा काही भाग बाहेरून येतो: चेष्टा, मारहाण, नोकरीवरून काढणे. उरलेला भाग बाहेर काहीच घडत नसतानाही आत चालू राहतो. लोक आपल्याला झिडकारतील ही सततची अपेक्षा, स्वतःला लपवण्याचे कष्ट, आणि समाजाची आपल्याविषयीची घृणा स्वतःच गिळून बसणे, हे त्याचे तीन प्रकार. यांपैकी लपवण्याच्या कष्टांचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी झाला आहे, आणि लहान गावात तेच सर्वांत जड असतात असे मला वाटते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक तरुण घेऊ. सौंसरजवळच्या खेड्यातला, संत्र्याची बाग असलेल्या घरातला, पंचवीस वर्षांचा. बी. ए. झाला आहे, बोरगावच्या कारखान्यात कामाला जातो. त्याच्यावर कोणी हात उगारलेला नाही, कोणी वाईट बोललेले नाही. पण बसमध्ये कोणाकडे किती वेळ पाहायचे, मित्रांच्या गप्पांत कोणत्या मुलीचे नाव घ्यायचे, फोन चार्जिंगला लावून आंघोळीला जायचे की नाही, हसताना हात कसा हलवायचा, याचा हिशेब त्याच्या डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. मोठ्या शहरात हा हिशेब संध्याकाळी मिटवता येतो. खेड्यात तसे होत नाही. चहाच्या टपरीवरचा माणूस वडिलांना ओळखतो, बसचा कंडक्टर मामांच्या गावचा असतो. फोनवरून एखाद्याशी ओळख झालीच तर भेटायला नागपूर गाठावे लागते, आणि समोरचा माणूस खरा की पैसे उकळणारा हे भेटेपर्यंत कळत नाही. अशी उकळणी अनेक ठिकाणी झाली आहे आणि तक्रार न करता लोकांनी पैसे भरले आहेत. हा सततचा पहारा म्हणजेच चिंता. छातीतली धडधड तेथून येते. कार्डिओग्राम काढला तर तो सरळ येतो, आणि धंतोलीतल्या डॉक्टरांची फी वाया गेली असे घरच्यांना वाटते.

आणि मग लग्नाची गोष्ट निघते. पोरगा हल्ली गप्प असतो, जेवत नाही, हे आईच्याच आधी लक्षात येते. तिचे निदान तयार असते: 'तुयं लगन करून टाकू आता, मंग मन लागते आपोआप.' हे ती प्रेमाने म्हणते, यात शंका नाही. पण ज्या कारणाने मन लागत नाही तेच कारण औषध म्हणून पाजले जाते. नकार द्यावा तर कारण सांगावे लागते, होकार द्यावा तर आयुष्यभर नाटक. एक वर्ष नोकरीचे निमित्त, दुसऱ्या वर्षी बहिणीच्या लग्नाचे, तिसऱ्या वर्षी निमित्ते संपतात. विषण्णतेची सुरुवात पुष्कळदा याच सुमारास होते, कारण आपल्याला हवे असलेले आयुष्य मिळणार नाही हे तेव्हा मनात पक्के होते. येथे ज्या मुलीशी लग्न लावले जाते तिचाही विचार केला पाहिजे. तिने काही गुन्हा केलेला नसतो. नवरा आपल्याजवळ का येत नाही याचा दोष ती स्वतःच्या रूपाला, वागण्याला देत राहते, आणि एका घरात एकाच्या जागी दोन आजारी मने होतात. आपल्या चर्चांत तिला फारशी जागा मिळत नाही, ही मोठी उणीव आहे.

हे लग्नाचे कोडे आपलेच आहे असे मात्र नव्हे. चीनमधील परिस्थिती पाहिली तर आपल्याच घराचा आरसा पाहिल्यासारखे वाटते. तेथे १९७९ च्या फौजदारी कायद्यातील 'गुंडगिरी'च्या कलमाखाली समलिंगी पुरुषांना पकडले जाई. १९९७ मध्ये ते कलम गेले. २००१ साली चिनी मनोविकारतज्ज्ञांनी समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, मात्र स्वतःच्या कलामुळे अस्वस्थ असणाऱ्यांसाठी एक फट ठेवली, आणि 'बरे करून देतो' म्हणणारे दवाखाने त्या फटीतून चालत राहिले. २०१४ च्या डिसेंबरात पेकिंगच्या एका न्यायालयाने विजेचे झटके देणाऱ्या अशा दवाखान्याला नुकसानभरपाई द्यायला लावली. म्हणजे कायदा आणि वैद्यक दोन्ही बदलले. तरीही चिनी समलिंगी पुरुषांच्या विषण्णतेचा अभ्यास करणारे पुनःपुन्हा एकाच ठिकाणी येतात: आईबापांची लग्नाची अपेक्षा. कन्फ्यूशियसच्या परंपरेत वंश न चालवणे ही मातापित्यांच्या सेवेतली मोठी कसूर मानली जाते. त्यात १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत एका जोडप्याला एकच मूल असा नियम होता. तो एकुलता एक मुलगाच असा निघाला तर वंशाचे सारे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर. वसंतोत्सवाला गावी गेले की आजी, काकू, शेजारी सारे एकच प्रश्न विचारतात. यावर तोड म्हणून समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री यांनी आपसांत केवळ दाखवण्यापुरता विवाह करण्याची रीत तेथे निघाली. तिला 'शिंगहुन' म्हणतात. ज्यांना हे साधत नाही ते न सांगता सरळ लग्न करतात. अशा पुरुषांच्या बायकांसाठी चिनी भाषेत 'टोंगची' असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. आपल्याकडे ती बाई आहे, शब्द नाही.

शरीराच्या भाषेबद्दलही चीनचे उदाहरण उद्बोधक आहे. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८० च्या सुमारास हुनान प्रांतात अशा रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांना 'मज्जादौर्बल्य' झाले आहे असे सांगितले जात होते. डोकेदुखी, थकवा, निद्रानाश ही त्यांची गाऱ्हाणी. बारकाईने तपासल्यावर त्यांपैकी बहुतेकांना विषण्णता होती असे आढळले. त्या काळच्या चीनमध्ये मन दुखते म्हणणे धोक्याचे होते, मज्जा दुखतात म्हणणे सुरक्षित होते. आपला सौंसरचा तरुण 'डोक्सं भणभण करते' म्हणतो तेव्हा तोही सुरक्षित तेवढेच बोलत असतो.

पांढुर्ण्याविषयी एक गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, दोन्ही काठांवरून दगड चालतात, दरवर्षी माणसे जखमी होतात. यामागची आख्यायिका प्रेमाची आहे: पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता आणि दोन्ही बाजूंनी दगड आले. गावाने ज्या प्रेमाला संमती दिली नाही त्या प्रेमाचे काय होते, हे या गावाला कोणी नव्याने सांगायला नको.

आता उपचाराकडे वळू. सौंसर तालुक्यात जामसावळीला निजलेल्या हनुमंताचे प्रसिद्ध देवस्थान आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी तीर्थ म्हणून घेतात, आणि मनाने बिघडलेल्या, बाधा झाली असे मानलेल्या माणसांना तेथे घेऊन येण्याची रीत आहे. सुशिक्षितांनी यावर नाक मुरडणे सोपे आहे. मला स्वतःला तेथे जाण्यात काही गैर दिसत नाही. आजारी माणसाला कोणीतरी हात धरून घेऊन जाते, त्याच्यासाठी नवस बोलते, यात आधार आहेच. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुवा' असा उपक्रम निघाला: दुवाही मागायची, आणि तेथेच डॉक्टरांकडून औषधही घ्यायचे. देवस्थान आणि दवाखाना एकमेकांच्या आड येण्याचे कारण नाही. आपल्या तरुणाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. त्याला बाधा झाली आहे असे एकदा ठरले, की ती 'उतरली' हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि उतरल्याचा पुरावा म्हणून पुन्हा लग्नच मागितले जाते. काही डॉक्टर, वैद्य आणि समुपदेशकही हेच वेगळ्या पोशाखात करतात: गोळ्या, झटके, 'इच्छाशक्ती'. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा 'बदलून देण्याच्या' उपचारांना मनाई केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. असा उपचार देऊ करणारा डॉक्टर आज नियमभंग करीत असतो.

खरा उपचार विषण्णतेचा आणि चिंतेचा करायचा असतो, कलाचा नव्हे. विचारांची घडण तपासणारे बोलण्याचे उपचार आणि विषण्णतानाशक औषधे, दोन्ही गुणकारी आहेत. औषधांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही वाटले नाही म्हणून पुष्कळजण ती सोडून देतात, आणि 'सवय लागेल' या भीतीने घरचेही सोडायला लावतात. ही औषधे दारूसारखी व्यसन लावणारी नाहीत. मात्र ती डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत. मध्य प्रदेशाची मोठी सरकारी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूरला, म्हणजे या भागातून फारच दूर. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्याची हद्द ओलांडून, पण जवळ. आणि ज्याला त्या नावाची धास्ती वाटते त्याला नागपूरच्या 'मेडिकल'च्या बाह्यरुग्ण विभागात इतर रुग्णांच्या रांगेतूनच मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते दूर केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते तेवढ्यापुरते रद्द केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. आपल्या तरुणाला याचा रोकडा उपयोग असा की, उकळणी करणाऱ्याविरुद्ध तक्रार करताना आता तो स्वतः गुन्हेगार ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून त्याची काळजी घेणे, हेही त्याच कायद्याने शासनावर सोपवले आहे.

मराठीत या विषयावर काहीच बोलले गेले नाही हा समज खरा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक असले प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे ही भूमिका नोंदली गेली. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट उभारला आणि 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली. कन्नड विभागाच्या वाचकांना वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' हा २०१३ चा कथासंग्रह ठाऊक असेलच. ही पुस्तके आपल्या ग्रंथालयात दिसतील अशा ठिकाणी ठेवली, तरी न विचारता उत्तर मिळण्याची एक सोय होईल.

शेवटी प्राध्यापकांसाठी दोन शब्द, कारण अशी गोष्ट घरी सांगता येत नसली म्हणजे ती कधी कधी वर्गाबाहेर, व्हरांड्यात सांगितली जाते. मुलगा बहुधा अर्धेच सांगेल. अभ्यासात लक्ष नाही, परीक्षा देऊ नये असे वाटते, इतकेच. उरलेले त्याच्याकडून काढून घेऊ नये. 'मुलगी आहे का कोणी?' असे थट्टेने विचारले की दार बंद होते. 'झोप येते का? जेवण जाते का?' हे प्रश्न कोणालाही विचारता येतात. मरणाचे विचार येतात काय, हे मात्र स्पष्ट विचारावे; विचारल्याने ती कल्पना मनात भरते, हा समज अभ्यासांनी खोटा ठरवला आहे. होकार आला तर त्याला त्या रात्री एकटे ठेवू नये, आणि त्याच्या संमतीने जवळच्या विश्वासाच्या माणसाला बोलवावे. त्याने आपल्या कलाविषयी सांगितले असेल तर ते त्याच्या वडिलांपर्यंत पोचवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. टेलिमानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठी, हिंदी, कन्नड यांपैकी हवी ती भाषा निवडता येते.